मार्चमध्ये जुळवलेला ऑर्गन, जुलैतली मैफल: एका ऑर्गनवादक संघाचे प्रकरण

ऑर्गन म्हटले की मराठी रसिकाला संगीत नाटकातला ऑर्गन आठवतो. पायाने भाता मारायचा आणि आतल्या पितळी पत्त्यांनी बोलायचे. चर्चमधला पाइप ऑर्गन हे निराळे कुळ आहे. त्यात स्वर मुख्यतः पाइपमधल्या हवेच्या स्तंभातून येतो, आणि हवा तापली की स्वर चढतो. पेटीची पत्ती मेमध्ये आणि डिसेंबरमध्ये जवळजवळ त्याच सुरात बोलते. पाइपचे तसे नाही. इथे मांडलेले सगळे प्रकरण या एका फरकावर उभे आहे.

प्रकरण इंग्लंडमधल्या एका छोट्या शहरातले आहे. संघाचे आणि चर्चचे नाव दिलेले नाही, कारण यातली प्रत्येक अडचण कुठल्याही परगण्यातल्या संघाला ओळखीची वाटेल.

संघ आणि त्याचे वर्ष

इंग्लंडमध्ये ऑर्गनवादकांच्या परीक्षा घेणारी रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स ही संस्था १८६४ पासून आहे. रोजचे काम मात्र परगण्या-परगण्यातले स्थानिक संघ करतात. त्यांचे सभासद म्हणजे पगारी कॅथेड्रल-वादक थोडे आणि रविवारी दोन प्रार्थना सांभाळणारे शिक्षक, निवृत्त अभियंते, पियानो शिकवणाऱ्या बाई असेच जास्त. वर्षाचा क्रम साधारण ठरलेला असतो: थंडीत वार्षिक सभा आणि जेवण, वसंतात स्तोत्रवादनाची कार्यशाळा, मुलांना वाद्यावर बसवायचा एक दिवस, उन्हाळ्यात बस करून शेजारच्या परगण्यातले तीन-चार ऑर्गन पाहून यायचे आणि एक सभासद-मैफल. शिवाय कुणी आजारी पडले तर रविवारी कोण वाजवेल त्याची यादी. पाद्रीबुवांच्या लेखी संघाची खरी किंमत या यादीत असते.

सभासद-मैफल जुलैत ठेवायची कारणे साधी आहेत. शाळा संपत आलेल्या असतात, संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो आणि चर्च तापवायचा खर्च नसतो. त्या शेवटच्या कारणातच घोळ आहे.

वाद्य

दोन मॅन्युअल (हाताने वाजवायच्या पट्ट्यांच्या ओळी; इथे त्यांची नावे ग्रेट आणि स्वेल) आणि पायपट्ट्या, २० स्टॉप (खुंटी ओढली की बोलणारी, एकेका आवाजाची पाइपांची रांग), सुमारे १,१०० पाइप. मॅन्युअलला ५६ स्वर, पायपट्ट्यांना ३०. पट्टीपासून झडपेपर्यंतची यंत्रणा लाकडी काड्यांची, म्हणजे पूर्ण यांत्रिक.

ग्रेट मॅन्युअलवर ओपन डायपॅसन ८, स्टॉप्ड डायपॅसन ८, डल्सियाना ८, प्रिन्सिपल ४, फ्लूट ४, फिफ्टीन्थ २, तीन रांगांचे मिक्स्चर (एका पट्टीला तीन उंच स्वरांचे पाइप) आणि ट्रंपेट ८. स्वेल मॅन्युअलचे सगळे पाइप झडपांच्या लाकडी खोक्यात: ओपन डायपॅसन, स्टॉप्ड डायपॅसन, साल्सिओनल, व्हॉक्स सेलेस्ट (चारही ८), प्रिन्सिपल ४, फिफ्टीन्थ २, ओबो ८ आणि कॉर्नोपिअन ८. पेडलला, म्हणजे पायपट्ट्यांना, ओपन डायपॅसन १६, बूर्दाँ १६, बास फ्लूट ८ आणि ट्रोम्बोन १६. हे आकडे फुटांतले आहेत. ८ म्हणजे सर्वांत खालच्या सा-च्या उघड्या पाइपची लांबी ८ फूट, आणि त्या स्टॉपवर पट्टी दाबली की पियानोइतक्याच उंचीचा स्वर येतो. ४ म्हणजे एक सप्तक वर, १६ म्हणजे एक सप्तक खाली.

या यादीत ट्रंपेट, ओबो, कॉर्नोपिअन आणि ट्रोम्बोन हे चार स्टॉप रीडचे आहेत. त्यांच्या पाइपच्या बुडाशी पितळी पत्ती एका पन्हळीवर आपटत असते, आणि तिच्या मोकळ्या भागाची लांबी एक वाकडी तार ठरवते. बाकीचे सगळे फ्लू पाइप, म्हणजे बासरीच्या जातीचे. पत्ती नाही, नुसती फट आणि ओठ.

ट्यूनर येतो वर्षातून दोनदा, ईस्टरच्या आधी आणि नाताळच्या आधी. कन्सोलजवळ, म्हणजे वादक बसतो त्या पट्ट्या-खुंट्यांच्या जागेजवळ, ठेवलेल्या ट्यूनिंग बुकात त्याची शेवटची नोंद मार्चमधली होती: सगळे रीड जुळवले, तापमान १६ अंश. हे पुस्तक मैफलीआधी कुणी उघडलेच नाही.

ठरलेला कार्यक्रम

पाच वादक, प्रत्येकी आठ ते बारा मिनिटे, मध्ये सर्वांनी मिळून गायचे एक स्तोत्र. परवानगीचे काम नीट झाले होते. चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमावलीतल्या एफ १६ या नियमाप्रमाणे चर्चमधल्या मैफलीचे संगीत त्या वास्तूला साजेसे आहे ना, हे पाहायची जबाबदारी तिथल्या पाद्रीबुवांची असते, म्हणून यादी त्यांना सहा आठवडे आधी गेली होती. यादीतला एकही संगीतकार १९३७ नंतर वारलेला नव्हता, त्यामुळे मूळ संगीताच्या हक्काचा प्रश्न उरला नाही. प्रवेश मोफत, शेवटी दारात टोपली.

रचना अशा: बाखचे ‘वाखेट आउफ’ कोराल (बाखच्या रचनासूचीत बीडब्ल्यूव्ही ६४५), स्टॅन्लीचे ट्रंपेट व्हॉलंटरी, मेंडेल्सोनचा सी मायनर सोनाटा (१८४५ च्या सहांपैकी दुसरा), फ्रांकचे प्रेल्यूड, फ्यूग आणि व्हेरिएशन, आणि शेवटी विडोरच्या पाचव्या सिंफनीतली टोकाटा. पाचही जणांनी रचना आपापली निवडली होती, आणि यादी म्हणून ती चांगलीच होती. पण वाद्याच्या बाजूने वाचली तर काय दिसते? बाखची मधली धून वादकाला ट्रंपेटवर हवी होती. स्टॅन्लीच्या नावातच ट्रंपेट. फ्रांकची सुरुवातीची धून ओबोची. विडोरला शेवटी सगळे रीड. पाचपैकी चार रचना अशा चार स्टॉपवर टेकलेल्या होत्या, जे जुलैत बाकीच्या वाद्यासोबत राहणार नव्हते. कार्यक्रम मार्चच्या वाद्यासाठी आखलेला, वाजवायचा जुलैच्या वाद्यावर.

शनिवार

सकाळी १० वाजता कन्सोलपाशी २१ अंश. प्रत्येकाला सरावाची २५ मिनिटे दिली होती, आणि रीड थोडे उतरल्यासारखे वाटतात एवढेच दोघांनी सांगितले. एक वाजता लग्न होते. ते महिनाभर आधीपासून माहीत होते, पण दोन तास दक्षिणेचे मोठे दार सताड उघडे राहील आणि ऊन थेट पुढच्या पाइपांवर पडेल, हे कुणाच्या डोक्यात आले नाही. साडेतीनला चर्च पुन्हा हाती आले तेव्हा कार्यक्रम-चिटणिसांनी तीन ठिकाणी थर्मामीटर लावले. कन्सोलपाशी २६, वर ग्रेटच्या पाइपांपाशी २८, स्वेलच्या खोक्यात २५.

आता हिशेब. तापमान एका अंशाने वाढले की हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, आणि फ्लू पाइपचा स्वर जवळपास ३ सेंटने चढतो. १०० सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांतले अंतर. १६ वरून २८ अंशांवर गेलेले ग्रेटचे पाइप सुमारे ३६ सेंट चढले, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचा स्वर ४४९ च्या आसपास पोचला. ट्रंपेटची पत्ती थोडीफार चढते, फ्लूइतकी नाही. मधल्या सप्तकात दोन्ही एकत्र लावले की सेकंदाला सात-आठ लाटा ऐकू येतात. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळत आल्या की जी संथ लाट येते तिला जुळवणारा माणूस थांबवू शकतो. ही थांबत नाही, आणि प्रत्येक पट्टीवर तिचा वेग वेगळा असतो. ऐकणारा म्हणतो, ऑर्गन बिघडलाय.

दुसरी गोष्ट जास्त फसवी होती. स्वेलच्या खोक्यात बाहेरपेक्षा तीन अंश कमी, म्हणजे स्वेलचे फ्लू पाइपसुद्धा ग्रेटच्या फ्लू पाइपांपेक्षा ९ सेंट खाली. स्वेल ग्रेटला जोडला, म्हणजे ग्रेटच्या पट्टीवर स्वेलचेही पाइप बोलू लागले, की रीड नसतानाही सेकंदाला दोनेक लाटा. कारण पायाशी होते. या जुन्या वाद्यात स्वेलच्या झडपांचे पेडल तरफेचे आहे. पाय काढला की स्प्रिंग झडपा मिटवते. गुरुवारच्या सरावानंतर ते खाचेत अडकवायचे राहिले, आणि दोन दिवस खोके बंद राहून भिंतीसारखे थंड राहिले. समतोल पेडलच्या नव्या वाद्यांतही हीच सवय लागते: उठताना झडपा उघड्या ठेवून उठायचे.

पर्याय

तीन पर्याय पुढे आले. पहिला, रीड जुळवून घ्यायचे. हा सगळ्यांना सुचतो आणि सभासदांपैकी निदान एक जण तरी ‘मी करतो’ म्हणतोच. रीडचे सुमारे दोनशे पाइप, एक जण पट्टी धरायला आणि एक जण आत, प्रत्येक रांगेला अर्धा-पाऊण तास आणि त्या वेळात चर्चमध्ये पूर्ण शांतता. तीन तास हाती असताना हे काम बसत नव्हते. त्याहून मोठी अडचण अशी की तार वाजवीपेक्षा जोरात ठोकली की पत्तीचा बाक बिघडतो, आणि मग तो पाइप सुरात असला तरी उशिरा बोलतो किंवा भुंकतो. वाद्य चर्चचे आहे आणि ट्यूनरशी करार चर्चचा आहे. संघाला आत हात घालायचा अधिकारच नाही. आणि जुळवले असते तरी ते २८ अंशांसाठी. पुढच्याच थंड रविवारी तेच रीड चढे लागले असते.

दुसरा, मैफल पुढे ढकलायची. दुपारी चारला नव्वद माणसांना कळवणार कसे?

तिसरा, वाद्य आहे तसे धरून नोंदणी बदलायची, म्हणजे कुठले स्टॉप ओढायचे ते नव्याने ठरवायचे. हाच घेतला, आणि निर्णय योग्य होता. फक्त तो सहा आठवडे आधी घ्यायला हवा होता.

काय केले

सर्वांत आधी स्वेलचे पेडल खाचेत अडकवून झडपा पूर्ण उघडल्या, आणि चर्चच्या विश्वस्ताला विचारून ऑर्गनच्या पेटाऱ्याच्या मागची फळी काढली. पंखा लावायची सूचना नाकारली, कारण वारा थेट पाइपांच्या तोंडावर गेला की स्वर डळमळतो आणि धूळ उडते. वाद्याला हवा पुरवणारा ब्लोअर तळघरात आहे आणि तिथली हवा थंड असते. तळघराचे आतले दार उघडे ठेवले, म्हणजे ब्लोअर चर्चमधली हवा ओढेल. दक्षिणेचे दार बंद, उत्तरेचे उघडे. पावणेसातला स्वेल २७.५ आणि ग्रेट २८.५. फरक एका अंशावर आला आणि जोडलेले मॅन्युअल कानाला चालतील असे झाले.

मग एकेक रचना.

बाखसाठी ट्रंपेट सोडून दिला. मधली धून डाव्या हाताने ग्रेटच्या ओपन डायपॅसन आणि प्रिन्सिपलवर, उजवा हात स्वेलच्या स्टॉप्ड डायपॅसन आणि प्रिन्सिपलवर, जोड काढलेला. या रचनेचे काही बिघडले नाही.

स्टॅन्लीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. रीड एकटी वाजते तेव्हा ती बेसूर नसते. बेसूरपणा दोघांमध्ये असतो. म्हणून दोन्ही हात फक्त ट्रंपेटवर, बाकी सगळे बंद, असा प्रयोग केला. मधल्या सप्तकात तो उत्तम लागला. वर गेल्यावर मात्र तीन-चार स्वर एकदम चढे निघाले. कारण असे की ट्रंपेटच्या सर्वांत वरच्या सप्तकात बनवणारे बहुधा पत्तीचे पाइप घालतच नाहीत. इतक्या छोट्या पत्त्या टिकत नाहीत, म्हणून तिथे फ्लू पाइप असतात. ते बारा पाइप उन्हाबरोबर वर गेले, खालचे ४४ मागे राहिले. एकाच स्टॉपमध्ये दोन तापमाने. शेवटी ट्रंपेटची जागा ओपन डायपॅसन, प्रिन्सिपल आणि फिफ्टीन्थने घेतली, प्रतिध्वनीचे भाग स्वेलच्या स्टॉप्ड डायपॅसनवर खोके बंद करून वाजवले. ट्रंपेटचा झळाळ त्यात नव्हता, हे खरेच आहे.

मेंडेल्सोनला हात लावावा लागला नाही. त्याने या सोनाट्यांच्या प्रस्तावनेत स्टॉपची नावे न देता किती मोठे-लहान वाजवायचे एवढेच सांगून निवड वादकावर सोपवली आहे.

फ्रांकच्या वादिकेला ओबो सोडणे जड गेले, आणि ते रास्त होते. ओबोची किंचित सानुनासिक धून या प्रेल्यूडचा जीव आहे. पण साथ फ्लू पाइपांवर असताना धून तीस सेंट उतरलेली चालणार नाही. धून ग्रेटच्या फ्लूट ४ वर एक सप्तक खाली वाजवली, म्हणजे ऐकू येणारा स्वर मूळचाच. साथ स्वेलच्या साल्सिओनलवर. व्हॉक्स सेलेस्ट मात्र निर्धास्त वापरता आला. तो साल्सिओनलपेक्षा मुद्दाम जरा चढा लावलेला असतो, दोन्ही फ्लू पाइप एकाच खोक्यात एकाच वेळी तापतात, त्यामुळे त्यांची ठरवून ठेवलेली लाट जवळपास तशीच राहते.

विडोरला ग्रेट मिक्स्चरपर्यंत, स्वेल रीडशिवाय जोडलेला. पेडलचा ट्रोम्बोन ठेवला. तीस सेंटांचा फरक ४४० ला सेकंदाला सात-आठ लाटा देतो, पण पेडलच्या तळाशी ५५ च्या स्वराला एकच. वरचे अंशस्वर भांडतात, तरी मिक्स्चरच्या गदारोळात ते कानाला टोचत नाहीत. हे कागदावर ठरवले नाही; एक जण चर्चच्या मागच्या बाकावर बसून ऐकत होता आणि त्याने मान हलवली.

या सगळ्या बदलांचा भार स्टॉप ओढणाऱ्या मदतनिसावर पडतो. या वाद्यात पायाने दाबायचे ठरावीक जुळणीचे सहाच खटके आहेत आणि त्यातल्या मोठ्या जुळण्यांत रीड आपोआप येतात, म्हणून खटके वापरायचेच नाहीत असे ठरले. प्रत्येक प्रतीवर जुनी नोंदणी खोडून नवी लाल पेन्सिलीने लिहिली. पेन नाही, पेन्सिल. प्रती वादकांच्या होत्या.

आठ वाजता

सातला वळवाची सर येऊन गेली आणि आत नव्वद माणसे. फ्रांक संपताना ग्रेटवरचा मधला फा-शार्प वाजतच राहिला. यालाच सायफर म्हणतात. मदतनिसाने क्रम बरोबर पाळला. जोड काढले, आवाज चालूच, म्हणजे दोष ग्रेटवरच. एकेक स्टॉप बंद करून दुसरा ओढला, प्रत्येकावर तोच स्वर. म्हणजे दोष एका पाइपचा नाही; त्या स्वराची झडप उघडी आहे. मग पट्टी पाहिली तर ती शेजारच्या पट्ट्यांपेक्षा मिलिमीटरभर खाली. दमट हवेत पट्टीच्या आतले नमद्याचे अस्तर फुगून मार्गदर्शक खिळ्याला धरून बसले होते. पट्टी वर उचलून दोन्ही बाजूंना हलके दाबत दहा-बारा वेळा चालवली आणि ती सुटली. पट्टी पूर्ण वर असती तर दोष आणखी आत निघाला असता: झडपेखाली कचरा, थकलेली स्प्रिंग किंवा फुगून ताणलेली काडी. कार्यक्रमाच्या मध्ये तिथे जायचे नसते; त्या स्वराशिवाय वाजवता येईल अशी रचना पुढे घ्यायची. अस्तर नीट सैल करायचे काम ट्यूनिंग बुकात लिहून ठेवले. पाच मिनिटे गेली, तेवढ्यात स्तोत्राची पाने वाटून झाली.

त्यानंतर संघाने बदललेले

उन्हाळी मैफल जुलैतून सप्टेंबरच्या शेवटी नेली. वादकांनी भरायच्या अर्जात नोंदणीचा दुसरा स्तंभ आला: हीच रचना रीडशिवाय कशी वाजवणार? तो रिकामा असेल तर अर्ज परत जातो. एका ज्येष्ठ सभासदाला हे फारच जाचक वाटले, आणि फ्रांकपुरते त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. ट्यूनिंग बुक कार्यक्रम-चिटणिसांनी आधी वाचायचे. जिथे चर्च तयार असेल तिथे ट्यूनरची नेहमीची फेरी मैफलीच्या आदल्या दिवशी लावून त्या दिवसाचे जादा पैसे संघाने द्यायचे. स्वेलच्या पेडलवर एक पितळी पट्टी लागली: ‘उठताना उघडे ठेवा.’

हिवाळ्यातल्या मैफलींसाठी उलटी सूचना निघाली. ८ अंशांवरचे चर्च दोन तासांत १८ वर न्यायचे नाही. हवा कोरडी पडते, पाइपांखालच्या फळ्यांना चिरा जातात, आणि एका स्वराचा वारा शेजारच्यात शिरून न दाबलेला पाइप कुजबुजू लागतो. तापवणे आदल्या दिवशी दुपारी सुरू करून हळूहळू वर न्यायचे.

ऑक्टोबरच्या एका सकाळी चर्चच्या वादकाने ट्रंपेट आणि प्रिन्सिपल एकत्र लावून पाहिले. थर्मामीटर १६ दाखवत होता आणि लाट नव्हती. मार्चनंतर त्या पाइपांना कुणी हात लावलेला नव्हता.